मोठ्यानं वाच, झुलाल

तामसगाव, ता. चोपडा
२० मार्च १९८९

प्रिय देवा,
रामराम.

तुझं पत्र येऊन महिना झाला, उत्तर द्यायला आज सवड मिळाली. केळीचे घड कापणीला आलेत, ट्रकवाले सांगितल्या वेळी येत नाहीत आणि घरात पाहुण्यांची ये-जा. लताचं डोहाळजेवण झोकात केलं. शिरपूरहून तिच्या सासरची अकरा माणसं आली होती. आठ दिवस झाले, लता इथंच आहे. होळी झाली की जावई येऊन घेऊन जातील. सातवा महिना, म्हणून इंदिरा तिला घागरीलाही हात लावू देत नाही. काल पोरीनं लहानपणासारखं नळाखाली तोंड धरून पाणी प्यायलं तर आईनं केवढा ओरडा केला. मी म्हटलं, पिऊ दे की, आपल्याच गावचं पाणी आहे.

पाण्यावरून आठवलं, तुला एक पराक्रम सांगायचा राहिलाय. पंचायतीत पाण्याचं काम माझ्याकडे आलं हे तुला माहीत आहेच. गावच्या विहिरीवरचा पंप चालवणारा आपला सुपडू पाय मोडून घरी बसलाय. त्यातच विहिरीचं पाणी खाली गेलेलं आणि पाइपाच्या तळाची झडप गळकी. सगळा पाइप रिकामा होतो आणि सकाळी वीज आली की पंप नुसता कोरडा फिरतो, पाणी धरत नाही. चार दिवस नळ बंद. बन्सीलालनाना सरपंच असून डोक्याला हात लावून बसले. मी म्हटलं, नाना, आम्ही आमच्या केळीच्या विहिरीवर काय करतो? बादलीत शेण कालवलं आणि काला पंपाच्या तोंडातून ओतला. शेण जाऊन झडपेच्या फटीत बसतं, पाइप भरलेला राहतो. बटण दाबलं आणि पंपानं एका झटक्यात पाणी धरलं. पहिली पाच मिनिटं नळाला जरा पिवळं आलं, मग एकदम चोख. काला करायला पाणी नव्हतं, पण माझं काही अडलं नाही. विहिरीच्या कठड्याशी गटाराचं डबकं साचलेलं असतं ना, त्यातलंच घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी मीच जातो. नानांनी चारचौघांत पाठ थोपटली. तू एवढा पाणी तपासायच्या सरकारी कचेरीत आहेस, तुझ्या साहेबांना विचार, ही युक्ती त्यांच्या पुस्तकात आहे का.

एक काम कर. धुळ्यात चांगली झडप मिळत असेल तर चोपड्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे दे. किती दिवस शेण कालवत बसू?

कलामाय बाजारात भेटली होती. म्हणाली, देवचंदले सांगजो, चष्मा फुटना. बाकी तुमच्या वस्तीचा हापसा झकास चाललाय. पाणी जरा मचूळ लागतं म्हणतात, पण हापसून हापसून तुमची पोरं धट्टीकट्टी झालीत.

तुझा,
जीवा


धुळे
२ एप्रिल १९८९

प्रिय जीवा,
जयभीम आणि रामराम.

झडप पाठवली होती, ती मिळाल्याचं कंडक्टरकडून कळलं. बसवली असशीलच. मायचा चष्मा मी येताना आणतो.

तुझा शेणकाल्याचा पराक्रम बायकोला वाचून दाखवला. दोघंही पोट धरून हसलो. शाळेत गुरुजींच्या खुर्चीला डिंक लावणारा जीवा अजून तसाच आहे, असं मी तिला सांगितलं. साहेबांना मात्र विचारलं नाही. तुझा एक गैरसमज आहे तो दूर करतो. मी पाणी तपासत नाही. गावोगावचं पाणी ज्या बाटल्यांतून येतं त्या मी धुतो, उकळतो आणि बूच लावून बंद करतो. बारा वर्षं हेच करतोय. त्यामुळे मला पुस्तकातलं विचारू नकोस, बाटलीतलं विचार.

चौदा एप्रिलला जयंतीला येतोय. एक दिवसाचीच रजा आहे. वस्तीतली मंडळी नळासाठी अर्ज करायचा म्हणतात. हापसा उन्हाळ्यात दम खातो आणि बायका दोन-दोन तास रांगेत उभ्या राहतात. गावच्या नळाचा पाइप आमच्या वस्तीपासून शंभर पावलांवर येऊन थांबलाय, हे तू रोज बघतोस. पाण्याचं काम तुझ्याकडे आहे, तर सभेत एक शब्द टाक.

लताला आशीर्वाद.

तुझा,
देवा


तामसगाव
२७ एप्रिल १९८९

देवचंद यास,
रामराम.

जयंतीला आलास आणि मला न भेटता गेलास. अर्ज मात्र लिहून गेलास, तुझं अक्षर मी ओळखतो. मी घरीच होतो.

सोळा तारखेच्या रविवारी ग्रामसभा झाली. मी तुझ्यासाठी शब्द टाकणार होतो, पण नानांनी पाणी पुरत नाही म्हणून नाही म्हटलं आणि तुझा पुतण्या मगन उभा राहिला. सगळ्या गावासमोर काय बोलला ते तुला कुणी कळवलं नसेल, म्हणून जसंच्या तसं लिहितो: "आमले नळ देतस नही, तर तुम्हीबी कितला दिन पितस ते देखसूत." त्यानंतर दोन दिवसांनी तो विहिरीजवळ दिसला. शेळी शोधत होतो म्हणाला. शेळी कुणी पाहिली नाही.

आज त्या सभेला अकरा दिवस झाले आणि गावात अकरा माणसांना कावीळ आहे. डोळे हळदीसारखे. सुपडूचा धाकटा भाऊ आधार, गेल्या वर्षीच लग्न झालेला, तो अंथरुणाला खिळलाय. काविळीची माळ बांधणाऱ्याकडे रांग लागली आहे. आणि देवचंद, तुमच्या वस्तीत एकालाही काही नाही. पस्तीस घरं, एकालाही नाही. गाव आजारी आणि तुम्ही धडधाकट, याचा अर्थ लोकांनी काय लावायचा?

मी अजून काही बोललेलो नाही. लहानपणापासूनचा संबंध आहे म्हणून आधी तुला विचारतो. मगन तुझ्याजवळ काही बोलला आहे का? असेल तर आत्ताच सांग.

जीवराम


(पोस्टकार्ड)
धुळे
१ मे १९८९

प्रिय जीवराम,
जयभीम.

ही कावीळ पाण्यातून येते. विहिरीत कुणी विष टाकून कावीळ होत नाही. माणसाची घाण पिण्याच्या पाण्यात गेली की ती होते. आधी एवढं करा. पाणी खळखळून उकळा, उकळी आल्यावर आणखी दहा मिनिटं चुलीवर ठेवा. ग्रामसेवकाला सांगून विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकून घ्या. आजाऱ्याची भांडी वेगळी ठेवा. माळेच्या नादी लागून दिवस घालवू नका. गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट, तिला गावचं कच्चं पाणी अजिबात देऊ नका. लताला यंदा आखाजीच्या सणाला आणू नकोस.

वस्ती हापशाचं पाणी पिते म्हणून वस्ती बरी आहे. दुसरं कारण नाही.

देवचंद


तामसगाव
६ मे १९८९

श्री. देवचंद यांस,

तुम्ही कार्ड का पाठवलंत ते मला कळलं. मी तुम्हाला बंद पाकिटातून खाजगी विचारलं आणि तुम्ही उत्तर उघड्या कार्डावर दिलंत. आपला पोस्टमन झुलाल कार्ड आधी स्वतः वाचतो, मग पंचायतीच्या ओट्यावर बसून सगळ्यांना वाचून दाखवतो, हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यानं ते दोनदा वाचलं. गावानं माणसाची घाण खाल्ली, हे माझ्या नावावर आलेल्या कार्डातून गावानं ऐकलं. नाना मला म्हणाले, तुझा मित्र आपल्याला बरंच शिकवतो. काही बायकांनी त्या दिवसापासून पाणी उकळायला घेतलं हे खरं, पण माझी शोभा झाली तेही खरं.

आज रोगी त्रेचाळीस आहेत. काल आधार गेला. बावीस वर्षांचा पोर. सुपडूची आई ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, मना पोर्‍याले कोनी मारं ते सांगा. लोकांचे डोळे वस्तीकडे गेले. केळी कापायला, घड वाहायला वस्तीतल्या कुणालाही बोलवायचं नाही असं ठरलंय. मीही बोलवत नाही.

लताच्या सासरचं पत्र आलं. तिला ताप आहे, अन्न जात नाही, म्हणून परवा आखाजीला पाठवत नाहीत. सासुरवाशिणी झोके घेतात तो दिवस, आणि माझी एकुलती एक पोर तिकडे. तिला आणू नकोस असं तुम्ही आधीच कसं लिहिलंत, हाही विचार माझ्या डोक्यात येऊन गेला.

कंडक्टरबरोबर दोन बाटल्या पाठवतो. एकीत गावच्या नळाचं पाणी आहे, दुसरीत वस्तीच्या हापशाचं. मी स्वतः भरल्या. दोन्हींत काय आहे ते तुमच्या साहेबांच्या सहीनं कळवा. तुमच्या सहीनं नको.

जीवराम


धुळे
११ मे १९८९

श्री. जीवराम पाटील यांस,
स. न. वि. वि.

बाटल्या मिळाल्या. एक खोकल्याच्या औषधाची आहे, दुसरी खोबरेलाची. अशा बाटल्यांत काही सापडलं तर ते पाण्यातलं की बाटलीतलं, हे कुणीही सांगू शकत नाही. शिवाय दोन दिवस त्या उन्हात एसटीच्या टपावर होत्या. साहेबांनी त्या घेतल्या नाहीत. मी त्या फोडल्या नाहीत, बदलल्या नाहीत, कपाटात तशाच ठेवल्या आहेत. तुम्ही आलात तर परत देईन.

परवा तालुक्याचा आरोग्य सहाय्यक तुमच्या गावी येईल. तो आमच्याकडच्या निर्जंतुक केलेल्या बाटल्यांत नमुने घेईल. तेव्हा तुम्ही आणि नाना दोघं शेजारी उभे राहा, बाटल्यांवर सह्या करा. तामसगावच्या बाटल्यांना मी हात लावणार नाही, धुणारही नाही, असं मी साहेबांना लिहून दिलं आहे. ते म्हणाले, असं कधी कुणी लिहून देत नाही. मी म्हटलं, माझ्या गावचे लोक विचारतील. तुम्ही विचारणार हे मला माहीत होतं.

आखाजीला मायनं माझ्या आजोबांच्या नावानं घागर भरली. हापशाच्या पाण्यानंच. तिला त्या दिवशी किराणा दुकानदारानं गूळ दिला नाही. तीन पिढ्या तुमच्या केळीत राबलेल्या घराला गूळ मिळत नाही, हे तुमच्या कानावर असावं म्हणून लिहिलं.

आता महत्त्वाचं. लताला ताप आहे म्हणालात. तिचे डोळे कुणी पाहिले का? आज पत्र मिळताच शिरपूरला जा आणि तिला चांगल्या डॉक्टरकडे न्या, एक दिवसही थांबू नका. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला ते विचारा. आणि होळीनंतर ती तामसगावला आली होती का, तेवढं मला कळवा.

देवचंद


मुक्काम शिरपूर
२१ मे १९८९

देवचंद यांस,

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो. लताला कावीळच होती. तिच्या सासरच्यांनी माळ बांधण्यात आठवडा घालवला. सतराला बाळंतीण झाली. मुलगा होता. जन्मला तेव्हा हालचाल नव्हती. मी त्याला हातात घेतला, डोक्यावर केसही होते. लता दोन दिवस शुद्धीत नव्हती. काल डोळे उघडले, मला ओळखलं. डॉक्टर म्हणतात, अजून पाच-सहा दिवस काही सांगता येत नाही.

तुमचा अहवाल नानांनी इथं माणसाबरोबर पाठवला. गावची विहीर, पिण्यास अयोग्य. वस्तीचा हापसा, पिण्यास योग्य. वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. हा कागद ज्या कचेरीतून आला तिथं तुम्ही बारा वर्षं आहात. बाटल्या तुम्ही धुतल्या नाहीत, मानलं. पण तुमच्या शेजारच्यानं धुतल्या. तुमचं साहेबांना लिहून देणं हीच मला सगळ्यांत मोठी हुशारी वाटते. ज्याचे हात स्वच्छ असतात तो आधीपासून हात दाखवत फिरत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. होळीच्या दुसऱ्या दिवशी लता सासरी गेली, त्यानंतर गावात तिनं पाऊल टाकलेलं नाही. ताप एप्रिलच्या अठ्ठावीस तारखेला आला. ही माहिती तुम्हाला कशासाठी हवी होती कळत नाही, पण लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

सोमवारी, एकोणतीस तारखेला, गाव चोपड्याला पोलिसांत अर्ज देणार आहे. मगनचं नाव त्यात आहे. तो सभेत काय बोलला ते ऐकलेले साठ लोक आहेत. पहिली सही माझी आहे, काल इथंच केली. माझा नातू गेला देवचंद. कुणीतरी उत्तर दिलंच पाहिजे.

जीवराम


धुळे
२४ मे १९८९

जीवा,

लताचं वाचून बायकोनं चूल पेटवली नाही. लता वाचावी, एवढंच आज मनात आहे. पण सोमवार जवळ आलाय, म्हणून हे पत्र लिहावंच लागतं.

तू तुझ्या हातानं दोन तारखा लिहून पाठवल्यास. त्या जरा शेजारी ठेव. मगन सभेत बोलला सोळा एप्रिलला. लता गावातून गेली तेवीस मार्चला. मधे चोवीस दिवस आहेत. मगननं एप्रिलात विहिरीत काही टाकलं असं धरलं, तरी शिरपूरला बसलेल्या लताच्या पोटात ते कसं गेलं? तिनं तामसगावचं पाणी प्यायलं ते फक्त मार्चात, ती तुझ्याकडे होती त्या दिवसांत.

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, ही कावीळ घाण पोटात गेल्या गेल्या दिसत नाही. साधारण चाळीस दिवस लागतात, कुणाला कमी, कुणाला जास्त. गावात पहिला रोगी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दिसला. तिथून चाळीस दिवस मागे मोज. बोटांवर मोज, मीही तसंच मोजलं. मार्चचा मध्य येतो. तेव्हा सभा नव्हती, अर्ज नव्हता, भांडण नव्हतं. तेव्हा काय होतं?

तुझं वीस मार्चचं पत्र माझ्याकडे होतं. तुझी सगळी पत्रं मी ठेवतो. अकरा मेला तुला लिहायच्या आधीच ते पुन्हा काढून वाचलं होतं, म्हणून तर लताबद्दल विचारलं. तेरा दिवस मी तुला काही बोललो नाही. का, ते सांगतो. मला वाटलं तुझं तुलाच आठवेल. आणि भीतीही वाटली. माझ्या वस्तीवर आळ आलेला असताना मी गावच्या पाटलाकडे बोट दाखवलं तर ते कोण मानणार, आणि मानलं तर तुझं काय होणार.

केळीच्या विहिरीवर तू काला ओततोस, तिथलं पाणी केळी पितात. केळीला कावीळ होत नाही. गावच्या विहिरीवर तोच काला, त्यात गटाराच्या डबक्याचं, माणसाच्या घाणीचं पाणी, झडप मिळेपर्यंत रोज. तू लिहिलंस की पहिली पाच मिनिटं पिवळं आलं. ते पिवळं कुठं गेलं? टाकीत गेलं. टाकीतून नळाला. आणि झडपेतून गळालं ते परत विहिरीत. तू हे वाईट मनानं केलं नाहीस. गाव चार दिवस तहानलेलं होतं आणि तुला जे येत होतं ते तू केलंस.

आता माझं. बारा वर्षं मी पाण्याच्या कचेरीत आहे. ते पत्र माझ्या हातात एप्रिलच्या दोन तारखेला होतं, एकही माणूस आजारी पडायच्या आधी. मी ते वाचलं आणि हसलो. त्याच दिवशी एक ओळ लिहिली असती, टाकी रिकामी कर, पाणी उकळा, तर काही घरं तरी वाचली असती. तुझ्यावर रागवायला मी बसतो आणि माझं हसू मला आठवतं.

शाळेत मला माठाला शिवू देत नसत. तू वरून ओतायचास आणि मी ओंजळ धरायचो. कधी चिडवायला मनगटावर ओतायचास, सदरा भिजवायचास. पण दुसऱ्या कुणाला ओतू द्यायचा नाहीस. त्या माणसाला मी हे लिहितोय.

सोबत तुझं ते पत्र परत पाठवतो. माझ्याकडे नक्कल नाही. साहेबांना दाखवलेलं नाही, मायला सांगितलेलं नाही, मगनला तर नाहीच. पोलिसांकडे मगनला सोडवायला माझ्याकडे हा एकच कागद होता. तो आता तुझ्याकडे आहे.

देवा


(पोस्टकार्ड)
धुळे
१० जून १९८९

जीवा,
उत्तर आलं नाही, नसू दे. लता कशी आहे तेवढंच कळव.
देवा


(तीन पोस्टकार्डं, एकाच टपालानं)
तामसगाव
१८ जून १९८९

कार्ड पहिलं

प्रिय देवा,
रामराम आणि जयभीम.

लता वाचली. अशक्त आहे, पण भिंतीला धरून चालते. गेल्या आठवड्यात तिला घरी आणलं.

हे मुद्दाम कार्डावर लिहितो. झुलाल, तू हे वाचतोयस हे मला माहीत आहे. ओट्यावर बस आणि मोठ्यानं वाच. तिन्ही कार्डं वाच, मगच थैलीत टाक.

गावच्या पाण्यात घाण मी घातली. मार्च महिन्यात, मी, जीवराम, माझ्या हातानं. पंप भरायला शेण आणि गटाराचं पाणी कालवून आठ दिवस ओतलं. मगननं काही केलं नाही. वस्तीतल्या कुणीही काही केलं नाही. आधार माझ्यामुळे गेला. सुपडूच्या आईला मी हे तिच्या दारात जाऊन सांगितलं आहे. तिनं दार लावून घेतलं.

कार्ड दुसरं

अर्ज सोमवारी गेला नाही. मी तो खिशात घेऊन शिरपूरलाच राहिलो. नानांना सांगितलं, लता बरी झाली की बघू. तुझं पत्र मिळाल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं ते ऐक. मला वाटलं, यानं नक्कल ठेवली असणार. तीन आठवडे मी हाच विचार केला. तू मला धरायला जाळं टाकलंस, असं मानून बसलो. दोनदा माझं ते मार्चचं पत्र चुलीपाशी नेलं.

ते लताच्या हाती लागलं, माझ्या सदऱ्याच्या खिशात. ती वाचायला शिकली तेही माझ्याच पत्रांवर. वाचून तिनं घडी घातली आणि एवढंच विचारलं, "आबा, मी नळाखाली तोंड धरलं ते याच आठवड्यात ना?" मी हो म्हटलं. तिनं पत्र परत माझ्या खिशात ठेवलं.

म्हणून मग तू नक्कल ठेवलीस की नाही, हे विचारण्यात अर्थ राहिला नाही.

कार्ड तिसरं

डबकं बुजवलं. विहीर उपसली, टाकी घासली. वस्तीच्या नळाचा अर्ज मी पुन्हा मांडलाय, नाना गप्प आहेत. वस्तीतलं कुणी अजून माझ्या केळीत कामाला आलेलं नाही. मी बोलवायला गेलो नाही, कुठल्या तोंडानं जाऊ.

डॉक्टरांनी लताला अजून महिनाभर गावचं पाणी उकळूनसुद्धा नको सांगितलंय. म्हणून काल मी घागर घेऊन तुमच्या हापशावर गेलो. तपासणीची ती बाटली भरली तेवढं सोडलं तर सातवीनंतर मी त्या बाजूला पाणी प्यायला, भरायला कधी गेलो नव्हतो. रांगेत बायका होत्या. कुणी जागा दिली नाही, कुणी हाकललंही नाही. माझा नंबर आला तेव्हा हापसा कलामायच्या हातात होता. नवा चष्मा तिला छान दिसतो. तिनं माझ्याकडे पाहिलं, घागरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आधी हात धुई ले भाऊ, मंग घागर लाव."

तिनं हापसलं. मी ओंजळ धरली.

जीवा